फायरप्लेसवरचे जडावकामाचे लाकडी मॅन्टल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांकडून गेली काही वर्षे मला या एकाच विषयावर प्रश्न येत आहेत. मी मिशिगनमध्ये राहतो आणि नोकरी सांभाळून गॅरेजमध्ये सुतारकाम करतो. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले असून, एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात उगाळण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. येथील अंतरे आणि नियम अमेरिकेतील घरांसाठी आहेत.

१. मॅन्टल म्हणजे नेमके काय, आणि जडावकाम व कोरीवकाम यांत फरक कोणता?

फायरप्लेसच्या तोंडाच्या वर भिंतीतून पुढे आलेली फळी किंवा तुळई म्हणजे मॅन्टल. दोन्ही बाजूंना खांब आणि वर आडवी पट्टी अशी पूर्ण चौकट असेल तर तिला सराउंड म्हणतात. कोरीवकामात लाकूड काढून टाकून नक्षीला उठाव दिला जातो, तर जडावकामात लाकडात खाच करून तिच्यात दुसऱ्या रंगाचे लाकूड, धातू किंवा शिंपला बसवतात आणि पृष्ठभाग पुन्हा सपाट करतात. मार्केट्री हा तिसरा प्रकार आहे. त्यात व्हिनिअरचे, म्हणजे लाकडाच्या कागदासारख्या पातळ पत्र्याचे, तुकडे जोडून आख्ख्या चित्राचा एक पापुद्रा तयार होतो व तो वरून चिकटवला जातो. उष्णतेजवळ असा पापुद्रा कडांनी सुटू लागतो, म्हणून मी मॅन्टलसाठी तो वापरत नाही. येथे केवळ जडावकामाचा विचार केला आहे.

२. आगीपासून लाकूड किती लांब ठेवावे लागते?

हा प्रश्न सर्वांत आधी यायला हवा. प्रत्यक्षात तो बहुतेकांना नक्षी ठरवून, लाकूड आणून झाल्यावर सुचतो. लाकूड जाळायच्या, विटा-दगडांनी बांधलेल्या फायरप्लेससाठी अमेरिकेतील निवासी बांधकाम संहिता, म्हणजे आयआरसी, दोन गोष्टी सांगते. तोंडाच्या कडेपासून ६ इंचांच्या आत कोणतेही जळाऊ साहित्य असता कामा नये. तोंडाच्या वर १२ इंचांपर्यंतच्या पट्ट्यात जे लाकूड येईल, ते कडेपासूनच्या प्रत्येक इंच अंतरामागे एक-अष्टमांश इंचापेक्षा जास्त पुढे येता कामा नये. याचा व्यवहारातील अर्थ असा की, कडेपासून ६ इंचांवरचे लाकूड पाऊण इंच, ८ इंचांवरचे एक इंच आणि १२ इंचांवरचे दीड इंचच पुढे येऊ शकते. आठ इंच खोलीची फळी हवी असेल तर ती संपूर्ण १२ इंचांच्या वरच जावी लागते. मी स्वतः फळीची खालची बाजू निदान १४ इंचांवर ठेवतो.

मोजमाप चुलीच्या तळापासून न घेता तोंडाच्या वरच्या कडेपासून घ्यावे, आणि फळीखाली शोभेची मोल्डिंग पट्टी असेल तर तीही लाकूडच आहे हे विसरू नये. बाजूच्या खांबांसाठी वेगळा नियम आहे : खांब दीड इंचापेक्षा जास्त पुढे येत असेल, तर जितका पुढे येतो तितके अंतर अधिक सोडावे लागते.

ज्वाला लाकडाला भिडतच नाही, मग इतका काटेकोरपणा कशासाठी, असेही विचारले जाते. वर्षानुवर्षे भाजत राहिलेले लाकूड आतून बदलत जाते आणि ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेते, त्यामुळे पाच हिवाळे काही झाले नाही हा पुरावा ठरत नाही. गावोगावी नियमांत भर घातलेली असू शकते. शेवटचा शब्द स्थानिक बांधकाम विभागाचा असतो.

३. आमच्याकडे गॅसची फायरप्लेस आहे. तिलाही हेच नियम लागू होतात का?

नाही. गॅसच्या, तसेच कारखान्यात तयार होऊन लाकडी भिंतीत बसवलेल्या फायरप्लेससाठी त्या मॉडेलची निर्मात्याची पुस्तिका हाच नियम असतो. तिच्यात बहुधा एक पायऱ्यांची आकृती असते : मॅन्टल इतके पुढे असेल तर ते इतके वर हवे. मॉडेलचा क्रमांक खालच्या जाळीमागील धातूच्या पट्टीवर सापडतो. त्यावरून पुस्तिका निर्मात्याकडून मिळवता येते. पुस्तिका मिळाली नाही तर अंदाजाने काम करू नये. विजेच्या फायरप्लेसमध्ये उष्णता कमी असते, पण हवा समोरून आणि वरच्या बाजूने फेकली जाते, म्हणून तिचीही पुस्तिका वाचावी.

४. मॅन्टल जमिनीपासून किती उंच आणि किती लांब असावे?

साधारणपणे ५४ ते ६० इंच उंची डोळ्यांना बरी दिसते, परंतु प्रश्न २ आणि ३ मधील अंतर आधी पाळायचे, डोळ्यांचे नंतर. लांबी तोंडाच्या दोन्ही बाजूंना काही इंच बाहेर जाईल एवढी ठेवावी. भिंतीवर मास्किंग टेपने आकार चिकटवून आठवडाभर तसाच ठेवला, तर घरातील सर्वांची मते लाकूड कापण्याआधीच ऐकून होतात.

५. कोणते लाकूड घ्यावे? भारतातील सागवान चालेल का?

जडावकामासाठी बारीक छिद्रांचे, एकसारखे लाकूड सोयीचे असते, म्हणून पायाला अक्रोड किंवा चेरी आणि नक्षीला मॅपल ही जोडी मी पहिल्या कामासाठी सुचवतो. ओक मजबूत असतो, पण त्याची छिद्रे मोठी असल्याने नक्षीची बारीक कड त्यांत हरवते. सागवान स्थिर आणि सुरेख असतेच, फक्त त्यातील तेलकटपणामुळे चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो.

जातीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाकडातील ओलावा. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या घरात लाकडाचा ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर येतो. आठ इंच रुंदीची, सपाट चिरलेली रेड ओकची फळी १० टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली की रुंदीत सुमारे एक-अष्टमांश इंच आकसते. लांबीत मात्र ती जवळजवळ हलत नाही. पुढच्या उत्तरांतील निम्मे निर्णय या एका गोष्टीवर ठरतात. म्हणून लाकूड ज्या खोलीत बसायचे आहे तेथेच दोन-तीन आठवडे, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवावे आणि मॉइश्चर मीटरने पाहूनच कामाला हात घालावा.

६. सबंध तुळई घ्यावी की आतून पोकळ पेटी करावी?

जडावकाम करायचे असेल तर पेटी. ६ बाय ८ इंचांची, ६० इंच लांब ओकची भरीव तुळई सुमारे ७० पौंडांची होते, तिचा गाभा वर्षानुवर्षे सुकत राहतो आणि ती तडकली की तडा नक्षीतून जातो. पाऊण इंच जाडीच्या फळ्या ४५ अंशांत कापून जोडलेली अक्रोडाची पेटी तितक्याच आकाराला साधारण २२ पौंडांत होते, आणि सगळी नक्षी दर्शनी फळीवर, ती सपाट टेबलावर असतानाच, करून घेता येते. एकाच फळीतून वरची, पुढची आणि खालची बाजू सलग कापली तर रेषा कडेवरून वळतात आणि पाहणाऱ्याला ती तुळईच वाटते.

७. नक्षी वरच्या बाजूला करावी की दर्शनी पट्टीवर?

दर्शनी पट्टीवर. वरच्या बाजूवर फोटो, घड्याळ आणि गणपती येतात, ती धूळ पुसताना घासली जाते, शिवाय उभ्या माणसाला ती तिरकीच दिसते. खालच्या बाजूला नक्षी कधीही करू नये, कारण उष्णता तेथेच थेट लागते.

८. पैठणीचा काठ किंवा वारली चित्र जडवता येईल का?

येईल. नारळी काठात एकच आकार पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे पत्र्याचा एक साचा करून सगळे तुकडे त्यावरून कापता येतात आणि सहा इंची दर्शनी पट्टीवर तो काठासारखाच शोभतो. वारलीतील माणूस दोन त्रिकोणांचा असतो, त्यामुळे धड सरळ करवतीने निघते. हातपायांसाठी लाकडाची काडी कापत बसण्यापेक्षा पितळी तार घालावी. बांगडी मोर मात्र पहिल्याच कामाला घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोराची मान अरुंद आणि वळलेली असते. तंतू मानेला आडवे गेले तर ती बोटांतच तुटते. मान, धड आणि पिसारा वेगळ्या तुकड्यांतून, प्रत्येकाची तंतूंची दिशा आकाराच्या लांबीला धरून, कापावे लागतात.

ही कला आपल्याला परकी नाही. सतराव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज घरांसाठी सागवानी कपाटांवर आबनूस जडवले जात असे, आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या चंदनी पेट्यांवरील ‘सादेली’ काम युरोपात मुंबईच्याच नावाने विकले जाई. सादेलीत हस्तिदंत, आबनूस, कथील यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून जुडी करत आणि ती आडवी चिरून एकसारख्या नक्षीच्या चकत्या काढत. हस्तिदंत वगळून, मॅपल व अक्रोडाच्या काड्यांची अशी जुडी घरीही बांधता येते. काठाच्या नक्षीसाठी याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही.

९. खाच नेमकी कशी करायची? माझ्या तुकड्यांभोवती नेहमी फट राहते.

बहुधा आपण खाच आधी करून तुकडा तिच्यात बसवायला पाहता. क्रम उलटा ठेवावा. तुकडा आधी पूर्ण कापून, कडा घासून तयार करावा. मग तो फळीवर दुतर्फी टेपने चिकटवून त्याच्याभोवती धारदार सुरीने रेघ ओढावी. पेन्सिलीची रेघ जाड असते आणि तिला बाजू दोन असतात. सुरीची रेघ म्हणजे खाचेची भिंतच.

रेघेत थोडा खडू चोळला की ती अक्रोडावरही दिसते. त्यानंतर राउटरला, म्हणजे फिरत्या पात्याने खाच पाडणाऱ्या विजेच्या हत्याराला, एक-अष्टमांश इंचाचा बिट (पाते) लावून रेघेच्या आत केसभर अंतर ठेवून मधले लाकूड काढावे आणि उरलेली कड पटाशी सुरीच्या रेघेत टेकवून सरळ खाली दाबत काढावी. कोपऱ्यांत राउटर गोलाई सोडतोच. तेथे पटाशीला पर्याय नाही. तुकडा अडीच मिलिमीटर जाड असेल तर खाच दोन मिलिमीटर ठेवावी, म्हणजे तुकडा अर्धा मिलिमीटर वर राहतो आणि चिकटल्यावर रंध्याने समतळ करता येतो. बाजारातील व्हिनिअर सुमारे ०.६ मिलिमीटर जाड असते. ते समतळ करताना पॉलिश पेपरने आरपार झिजते, म्हणून जाड तुकडे स्वतः चिरून घ्यावेत. तुकड्याच्या कडा खालच्या बाजूला किंचित, एक-दोन अंश, आत झुकत्या घासल्या तर तो पाचरीसारखा आवळत बसतो.

तंतूंचा नियम येथेही आहे. नक्षीच्या तुकड्याचे तंतू शक्यतो फळीच्या तंतूंना समांतर हवेत. आडवे जाणारे तुकडे दीड इंचापेक्षा लांब ठेवू नयेत, कारण फळी हिवाळ्यात आकसते, आडवा तुकडा आकसत नाही, आणि दोघांपैकी एकाला तडा जातो.

एवढे करूनही फट राहिलीच तर पायाच्या लाकडाचा भुसा सरसात कालवून भरावा, नक्षीच्या लाकडाचा भरू नये. गडद फट डोळ्याला सावलीसारखी वाटते, फिकट फट चुकीसारखी.

१०. लाल, जांभळी लाकडे घेऊन नक्षी रंगीत करता येईल का? पानाफुलांना छटा कशा देतात?

पदौकचा लाल रंग काही वर्षांत तपकिरी होतो आणि पर्पलहार्टचा जांभळाही तसाच मावळतो. चेरी उजेडाने गडद होते, अक्रोड उलट फिका पडतो, मॅपल पिवळसर होतो. म्हणून आजच्या रंगांवर विसंबून नक्षी आखू नये. फिके आणि गडद एवढाच भेद टिकतो असे धरावे. पदौकचा आणखी एक उपद्रव म्हणजे स्पिरिटचे पॉलिश लागताच त्याचा लाल रंग शेजारच्या मॅपलमध्ये झिरपतो.

छटांसाठी रंग लागत नाही. लोखंडी कढईत बारीक वाळू तापवून, भडभुंजा चणे भाजतो त्याच तत्त्वाने, मॅपलच्या तुकड्याची एक कड तिच्यात काही सेकंद खुपसतात. वाळूत खोल गेलेली कड तपकिरी होते आणि वर येत येत छटा विरते. पाकळीला गोलाई आल्याचा भास होतो. तुकडा दर पाच सेकंदांनी काढून पाहावा, कारण तपकिरी आणि कोळसा यांत फार अंतर नसते. भाजल्याने तुकडा थोडा आकसतो, तेव्हा सुरीची रेघ (प्रश्न ९) भाजल्यानंतरच ओढावी.

११. पितळ किंवा शिंपला जडवताना वेगळी काळजी कोणती?

पितळ तापले की लाकडापेक्षा बरेच जास्त वाढते. दीड मीटर लांबीची पितळी पट्टी ३० अंश सेल्सियसने तापली तर सुमारे ०.८५ मिलिमीटर वाढते, आणि तिच्याखालचे लाकूड लांबीच्या दिशेने त्याच्या पाव हिश्श्याइतके. अर्धा-पाऊण मिलिमीटर क्षुल्लक वाटतो, पण दोन्ही टोके अडलेली असली की पट्टीला वर उचलण्यावाचून मार्ग उरत नाही. माझ्या दुसऱ्या मॅन्टलवर मी हौसेने साठ इंचांची सलग पट्टी घातली होती. जानेवारीतील एका संध्याकाळी धूळ पुसताना फडक्याचा धागा मध्यावर अडकला. खाली वाकून पाहिले तर पट्टीखालून नखाएवढी फट दिसत होती. तेव्हापासून मी एक फुटापेक्षा लांब पट्टी घालत नाही आणि दोन तुकड्यांमध्ये लाकडाचा छोटा ठिपका जडवतो, त्यामुळे तुटकपणा नक्षीचाच भाग वाटतो.

पितळ पॉलिश पेपरने समतळ करू नये, कारण त्याची काळी धूळ शेजारच्या मॅपलच्या छिद्रांत बसते. कानस वापरावी आणि तीही पट्टीच्या लांबीच्या दिशेने. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून तो ओला ठेवून कापावा आणि चांगला मास्क लावावा.

१२. चिकटवायला काय वापरावे?

लाकडाला लाकूड चिकटवायला सुतारकामाचा साधा पिवळा किंवा पांढरा ग्लू पुरेसा आहे. पितळाला आणि शिंपल्याला इपॉक्सी लागते. पितळाची पाठ जाड पॉलिश पेपरने खरबरीत करून अ‍ॅसिटोनने पुसल्याशिवाय ती धरत नाही. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे साधे इपॉक्सी ५० ते ६० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागते. त्यामुळे मॅन्टल बसवण्यापूर्वी त्या जागी एक साधी फळी टेकवावी, दोन तास आग चालू ठेवावी आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने तिचा पुढचा भाग व खालची बाजू मोजावी. आकडा ५० च्या जवळ गेला तर ग्लू बदलण्यापेक्षा मॅन्टल वर सरकवावे, किंवा तोंडाच्या वर उष्णता पुढे वळवणारा धातूचा हूड बसवावा.

१३. पॉलिश कोणते करावे, आणि घासताना फिके लाकूड काळवंडते त्याचे काय?

अक्रोडाचा भुसा मॅपलमध्ये शिरल्याने ते होते. उपाय असा की, नक्षी रंध्याने जवळजवळ समतळ झाली की चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, एक पातळ हात द्यावा. छिद्रे बंद होतात आणि पुढचे घासणे निर्धास्तपणे करता येते. शेवटची सफाई पॉलिश पेपरऐवजी पोलादी पत्तीने खरवडून केली तर भुसा मुळात होतच नाही. वरून अंतिम थर म्हणून मी वार्निशचे तीन पातळ हात देतो, कारण नुसता चपडा उष्णतेने मऊ पडतो आणि गरम कपाचे डाग धरतो. पदौक असल्यास प्रश्न १० पाहावा.

१४. भारतातून तयार जडावकामाची फळी आणून ती मॅन्टलमध्ये बसवता येईल का?

येते, पण दोन अडचणी आहेत. पहिली कायद्याची. मैनपुरीची तारकशी (लाकडात पितळी तार जडवण्याचे काम) शिसमवर आणि म्हैसूरचे जडावकाम शिसवीवर होते, आणि ही दोन्ही लाकडे डालबर्जिया वंशातील आहेत. २ जानेवारी २०१७ पासून हा संपूर्ण वंश साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. तयार वस्तूंना एका खेपेत त्या लाकडाच्या १० किलो वजनापर्यंत सूट आहे. छोटी फळी तिच्यात बसते, सबंध सराउंड बसत नाही. पावती जवळ ठेवावी आणि कस्टम्सच्या अर्जावर लाकडी वस्तू जाहीर करावी. आजोबांच्या काळातील का असेना, हस्तिदंत असलेली वस्तू सामानात घालू नये.

दुसरी अडचण ओलाव्याची. दमट हवेत तयार झालेली फळी मिशिगनच्या हिवाळ्यात आकसते. अशी फळी पेटीत चिकटवून टाकू नये. चारही बाजूंनी खाच असलेल्या चौकटीत ती मोकळी, फोटोसारखी, बसवावी आणि वर-खाली थोडी जागा सोडावी.

१५. मॅन्टल भिंतीवर कसे टांगावे?

पेटीच्या मागच्या पोकळीत मावेल अशी लाकडी पट्टी भिंतीतील स्टडना, म्हणजे आतल्या उभ्या लाकडी खांबांना, लांब स्क्रूंनी पक्की करावी आणि पेटी तिच्यावर सरकवून वरून दोन-तीन स्क्रू मारावेत. स्टड बहुधा १६ इंचांवर असतात, पण फायरप्लेसच्या वर त्यांची रचना वेगळी असू शकते, म्हणून शोधून खात्री करावी. विटांच्या भिंतीत अँकर विटेत मारावा, सांध्यातील चुन्यात मारू नये. पट्टीदेखील लाकूडच आहे, तेव्हा तिलाही प्रश्न २ मधील अंतर लागू आहे.

१६. दिवाळीत मॅन्टलवर पणत्या किंवा समई लावली तर चालेल का?

आग चालू असताना नको. वर चढणाऱ्या गरम हवेत ज्योत भिंतीकडे झुकते. एरवी पितळी ताटात ठेवून लावावी. तेल वार्निशवर चटकन पुसले जाते, परंतु नक्षीच्या सांध्यातून झिरपले तर मॅपलवर कायमचा पिवळा डाग राहतो. पितळी पट्ट्या काळ्या पडल्या म्हणून चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नये. ओलावा सांध्यात शिरतो आणि पावडर छिद्रांत पांढरी होऊन बसते. मऊ कोरडे फडके पुरते.

१७. जुन्या घरातील रंगवलेले मॅन्टल काढून त्याच लाकडावर जडावकाम करायचे आहे. काही धोका?

अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी आली. घर त्याआधीचे असेल तर रंग खरवडण्यापूर्वी शिशाची चाचणी करावी, आणि शिसे निघाल्यास पॉलिश पेपर किंवा हीट गन लावू नये, विशेषतः घरात लहान मूल असल्यास. जुने लाकूड पुरते सुकलेले असल्याने जडावकामाला उत्तम असते. फक्त रंध्याखाली येण्यापूर्वी मोडलेले खिळे चुंबकाने शोधून घ्यावेत.

१८. बसवून दोन वर्षे झाली आणि एक तुकडा उचलला गेला आहे. आता काय करावे?

आधी हिवाळा आहे की उन्हाळा ते पाहावे. हिवाळ्यात उचललेला लाकडी तुकडा लगेच दाबून चिकटवला तर उन्हाळ्यात फळी फुगल्यावर तो दुसऱ्या बाजूने उचलू शकतो, म्हणून मी एप्रिल-मेपर्यंत थांबतो. तुकड्याखाली पातळ पत्तीने ग्लू सारावा, वर मेणकागद आणि लाकडी ठोकळा ठेवून रात्रभर दाब द्यावा. उचललेली वस्तू पितळी असेल तर पट्टीच्या टोकाकडून कानशीने पाऊण मिलिमीटर कमी करून मगच पुन्हा बसवावी. एकाच भागातील तुकडे वारंवार सुटत असतील, तर ग्लूला दोष न देता प्रश्न १२ मधील तापमानाची चाचणी पुन्हा करावी.